पथ्यातील चालणे आणि महानगरपालिकेचे धोरण

प्रमेही रुग्णास आपण आहार, औषध व व्यायाम सांगतो. औषध औषधालयातून मिळते, आहार घरातून. व्यायामासाठी मात्र रस्ता लागतो आणि तो महानगरपालिकेच्या ताब्यात असतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निर्धन प्रमेही रुग्णास अनवाणी व छत्रीविना शंभर योजने चालण्यास सांगितले आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरील रुग्णाने निदान पैठण गेटपर्यंत तरी निर्वेध कसे चालावे, हा प्रश्न चिकित्सकाने विचारावयास हवा.

प्रथम कायदा पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात सार्वजनिक रस्त्यांची देखभाल व त्यांवरील अडथळे दूर करणे ही कलम 63 खालील बंधनकारक कर्तव्ये आहेत. उद्याने व क्रीडांगणे कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. निधी अपुरा पडला की कात्री कोठे लागते हे सांगावयास नको. म्हणून आरोग्यधोरणाचा भर उद्यानांपेक्षा पदपथांवर असावा, असे आमचे मत आहे. उद्यानात मनुष्य मुद्दाम जातो. भाजी, शाळा, दवाखाना यांसाठी पायी जाणाऱ्याचा व्यायाम मात्र सहज घडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची 150 ते 300 मिनिटे अशानेच भरून निघतील.

जानेवारी 2022 मध्ये केंद्र शासनाच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेतील 11 विजेत्या शहरांत आपले शहर, तेव्हाचे औरंगाबाद, होते. पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. उपक्रम स्तुत्यच, परंतु व्यायाम दिनचर्येत येतो, वर्षातील एका दिवसाने तो साधत नाही.

धोरणाच्या तपशिलात वैद्याला बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अष्टांगहृदयात शीतकाळी व वसंतात अर्धशक्ती व्यायाम विहित आहे, ग्रीष्मात तो वर्ज्य मानला आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. तेव्हा पदपथाला कडुनिंब, करंज यांची सावली हवी. मैदाने पहाटे लवकर उघडावीत, रात्री उशिरापर्यंत दिवे असावेत, म्हणजे स्त्रियांनाही निर्धास्त फिरता येईल. कपाळावर व नाकावर घाम येणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची लक्षणे, तेथे थांबावयाचे. पण वृद्धाने थांबून बसावयाचे कोठे? पदपथावर थोड्या थोड्या अंतरावर बाक असणे हा आमच्या दृष्टीने चिकित्सेचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची निर्वेध रुंदी किमान 1.8 मीटर असावी; झाडाचे आळे व बाक या रुंदीबाहेर धरावेत.

औषधालयचालक बंधूंना एक गोष्ट कदाचित रुचणार नाही. आपल्या दुकानाचा उभा फलक, खोकी, ग्राहकांच्या दुचाक्या याही त्याच 1.8 मीटरमध्ये येतात. निवेदन देण्यापूर्वी त्या हलवाव्यात, अन्यथा प्रभाग कार्यालयातील लिपिक प्रथम आपल्याच पायरीकडे बोट दाखवील.

निवेदनासोबत आपल्या दवाखान्यापासून जवळच्या बसथांब्यापर्यंतच्या रस्त्याचे टिपण जोडावे : टेपने मोजलेली रुंदी, अडथळे, सावली, दिवे, बाक. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. त्यामुळे ही टिपणे दिवाळीनंतर लगेच, अंदाजपत्रकाची आखणी होण्यापूर्वी, प्रभाग कार्यालयात द्यावीत व पोच घ्यावी.