खिळ्यावर बसलेला चिमणा

सोलापुरातील सात रस्ता तुम्ही पाहिला असेल. तिथे वाहनांची वर्दळ रात्रीपर्यंत थांबत नाही. पण चौकापासून थोडे आत गेले, की जुन्या घरांची परसे लागतात. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथे कडुनिंब असतो, पेरू असतो आणि खार तर हमखास असते. सुट्टीत मुले बेचकी घेऊन तिच्यामागे लागतात. (बेचकीला तुम्ही घरी गुलेल म्हणता.) एखाद्याकडे छर्‍यांची एअरगनही असते. विचारले तर उत्तर तयार असते, "सर, ती पेरू कुरतडते!"

असाच नेमबाजीचा नाद असलेला एक मुलगा मुंबईच्या खेतवाडीत राहत होता. त्याचे नाव सलीम अली. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. आईवडील लवकर वारल्यामुळे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. भाच्याच्या हातातही एअरगन आली.

१९०६-०७ मधली गोष्ट. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. चिमणी आत अंड्यांवर बसे आणि चिमणा बाहेर एका खिळ्यावर पहारा देई. सलीमने घोडागाडीच्या आड दबा धरून चिमण्याला टिपले. थोड्याच वेळात दुसरा चिमणा त्या खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपले. मग तिसरा आला. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरचे आठ चिमणे मारले गेले!

सलीमने हे सारे लिहून ठेवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रात त्यांनी ही नोंद दिली आहे. नोंदीत बढाई नाही. काय दिसले, एवढेच आहे. यालाच निरीक्षण म्हणतात. उर्दूत आपण त्याला मुशाहदा म्हणतो.

पुढे १९०८ च्या सुमारास त्याने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? ती खावी की नाही? मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली होती. तिचे मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेले अनेक पक्षी त्या मुलाला दाखवले. तिथून त्याची वाट बदलली. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले, ते मचाणासारख्या शिडीवर तासन्तास बसून. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

कोणी म्हणेल, बंदुकीमुळेच ते शास्त्रज्ञ झाले. मला हे पटत नाही. बंदूक त्या काळी अनेकांच्या घरी होती. वही फार थोड्यांजवळ होती. मात्र अभ्यासासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा करताना त्यांनी मोठेपणीही बंदूक वापरली, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी तीच पद्धत होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीला कडक बंधने आली.

आता पेरूवरच्या खारीकडे वळू. चिमणा गेला, तर दुसरा चिमणा आला. खारीचे तसे नाही. तिला एका वेळी दोन-तीन पिल्ले होतात. जन्मताना त्यांचे डोळे मिटलेले असतात. नर पिल्लांकडे पाहत नाही. दूध पाजणारी ती एकटीच. ती मेली, की घरट्यातली पिल्लेही उपाशी मरतात आणि खाली उभ्या असलेल्या नेमबाजाला ते कळतही नाही. सोलापुरापासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते. शिकार झाली, माळराने घटली, विजेच्या तारा आल्या. आज तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे.

उपक्रम : तुमच्या परसातील किंवा शाळेच्या आवारातील खार आठ दिवस पाहा. ती कापूस, सुताचे तुकडे, काथ्या कोठून उचलते? घरटे कोणत्या झाडावर आहे? किती वेळाने परतते? तारीख व वेळ घालून वहीत मराठीत लिहा. नोंदी वर्गात वाचून दाखवा.