रोग्याचा त्रास रोज टिपा, वेळीच कळवा



पिकावर कीड दिसली की आपण त्याच दिवशी धावपळ करतो. पण घरातल्या कर्करोगाच्या रोग्याला ओकाऱ्या झाल्या, तोंड आले, तर म्हणतो, "पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगू." ती तारीख कधी तीन आठवडे दूर असते!

हैदराबादच्या रेड हिल्स भागात १९५५ साली सुरू झालेले मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय आहे. अशा सरकारी रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येतात, केमोचे औषध घेऊन गावी परततात. खरा त्रास घरी सुरू होतो. तो डॉक्टरांना कोण सांगणार?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. ईथन बाश यांनी ७६६ रोग्यांवर याचा अभ्यास केला. एका गटातील रोगी आपल्या १२ तक्रारी संगणकावर स्वतः नोंदवीत. त्रास वाढला की परिचारिकेला लगेच सूचना जाई. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार होते. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या गटातील निम्मे रोगी २६ महिन्यांहून अधिक जगले. नोंद करणाऱ्या गटात हाच काळ ३१.२ महिने भरला. तक्रार वेळीच कळल्याने इलाज वेळीच झाला, आणि केमोही अधिक दिवस सोसता आली.

आपण घरी काय करावे?

१. रोज ठरलेल्या वेळी मोबाइलवर किंवा साध्या वहीत लिहावे : दुखणे, ओकारी, धाप, जुलाब, मलावरोध, भूक, थकवा. प्रत्येकापुढे 'नाही, थोडे, बरेच, असह्य' यांपैकी एक शब्द लिहावा.

२. रोग्याला विचारून लिहावे, आपल्या अंदाजाने नव्हे. घरच्यांना काळजी नको म्हणून पुष्कळजण दुखणे लपवितात.

३. नुसती नोंद उपयोगाची नाही. ती वाचणारा हवा. त्रास वाढल्यास कोणत्या नंबरावर कळवायचे, हे पहिल्या केमोच्या वेळीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

४. केमोनंतर ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालयाला कळवून निघावे. केमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, आणि अशा वेळी जंतूंची लागण काही तासांत जिवावर बेतू शकते. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये.

थर्मामीटर घरात नसेल, तर आजच आणून ठेवावा.