पावसाचे शब्द

मुलांनो, पावसाला तुम्ही काय काय म्हणता? रिमझिम, भुरभुर, सर, झड, मुसळधार! हे शब्द रोज कानांवर पडतात, म्हणून ते सहज येतात. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांचे तसे नसते. शाळेत इंग्रजी, मैदानावर इंग्रजी. मराठी ऐकायची ती घरात, नाहीतर सुटीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळेत. मग फोनवर आजी म्हणते, "इकडे झड लागली आहे गं," आणि नात गप्प बसते.

अशा वेळी संगणकाला विचारता येते. गप्पा मारणारा संगणक अमेरिकेतच तयार झाला. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाच्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. लिहिताना 'आई' हा शब्द आला, की एलायझा म्हणे, "घरच्यांविषयी आणखी सांगा." पण आई म्हणजे कोण, हे बिचारीला ठाऊक नव्हते! ती तुमचेच शब्द फिरवून तुम्हांला परत देई.

२०२२ साली आलेला 'चॅटजीपीटी' नवे शब्दही देतो. 'झड' म्हणजे दिवसेंदिवस न थांबता पडणारा पाऊस, असे तो मराठीत सांगू शकतो. मात्र तो चुकतो, आणि चुकीचे उत्तरही अगदी ठामपणे देतो. शिवाय तो लहान मुलांसाठी केलेला नाही. म्हणून घरातील मोठ्यांना विचारायला सांगावे आणि मिळालेला अर्थ शब्दकोशात पाहावा.

करून पाहा : 'झड' हा शब्द घालून एक वाक्य लिहा. ते आजीआजोबांना वाचून दाखवा. पावसाचा आणखी एखादा शब्द त्यांच्याकडून मिळतो का?