दोन नावांचा मल्ल

तो दिवस होता १९ फेब्रुवारी १९५४. टोकियो शहरातील शिंबाशी स्थानकासमोरच्या मोकळ्या जागेत त्या सायंकाळी हजारो माणसे दाटीवाटीने उभी होती. दिवस थंडीचे होते. पण थंडीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. कचेरीतून घरी निघालेले कारकून वाटेतच थबकले होते. काही तरुण तर जवळच्या झाडांवर चढून बसले होते. सर्वांच्या नजरा उंचावर ठेवलेल्या एका लहानशा पेटीवर खिळल्या होत्या.

ती पेटी म्हणजे दूरचित्रवाणीचा संच. जपानात दूरचित्रवाणी सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. फेब्रुवारी १९५३ मध्ये पहिले प्रक्षेपण झाले, त्या वेळी साऱ्या देशात नोंदलेले संच अवघे ८६६ होते. सामान्य माणसाला संच विकत घेणे शक्यच नव्हते. म्हणून मात्सुतारो शोरिकी या दूरचित्रवाणी-संस्थेच्या चालकांनी स्थानकांपुढे व चौकाचौकांत संच बसवून ते सर्वांसाठी खुले केले होते.

त्या पेटीत काय दिसत होते? दोरांनी वेढलेला एक चौकोनी मंच आणि त्यावर झुंजणारे चार मल्ल. एका बाजूस बेन आणि माइक हे उंच, धिप्पाड, गौरवर्णी शार्प बंधू. दुसऱ्या बाजूस ज्यूदो विद्येतील नामवंत खेळाडू मासाहिको किमुरा आणि त्याचा जोडीदार रिकिदोझान. शार्प बंधूंच्या माऱ्यापुढे किमुरा थकू लागला की रिकिदोझान मंचावर झेप घेई आणि तळहाताच्या कडेने प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर सपासप तडाखे लगावी. ते पर्वतप्राय शरीर डळमळू लागले की मैदानातून आनंदाचा एकच कल्लोळ उठे. एका तासाहून अधिक काळ चाललेली ती कुस्ती शेवटी बरोबरीत सुटली. पण लोक घरी परतले ते जणू विजय मिळवूनच!

एका कुस्तीचा एवढा आनंद का व्हावा? १९४५ साली दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाला होता. शहरे बेचिराख झाली होती. त्यानंतर सुमारे सात वर्षे अमेरिकेच्या सेनेचा अंमल त्या देशावर होता. तो अंमल संपून अद्याप दोन वर्षेही झाली नव्हती. लोकांच्या मनातील पराभवाची बोच ताजी होती. अशा वेळी आपला एक माणूस त्या धिप्पाड परकीयांपुढे ताठ उभा राहतो, हे दृश्यच त्यांना धीर देणारे होते.

परंतु त्या गर्दीला दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या. ज्यांना ते अमेरिकन समजत होते, ते शार्प बंधू मूळचे कॅनडाचे होते. आणि ज्याला ते जपानचा वीर म्हणून डोक्यावर घेत होते, तो रिकिदोझान जन्माने जपानी नव्हताच.

रिकिदोझानचा जन्म १९२४ साली कोरिया देशाच्या उत्तर भागात झाला. त्याचे खरे नाव किम सिन-राक. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. आपल्याकडे जशी मातीतील कुस्ती, तशी कोरियात ‘सिरम’ नावाची कुस्ती पूर्वापार चालत आलेली आहे. सिन-राकचा थोरला भाऊ या कुस्तीत नाणावलेला होता. धाकट्याच्या अंगातही तीच रग होती. त्याचे कसब एका जपानी गृहस्थाच्या दृष्टीस पडले आणि सुमो कुस्ती शिकण्यासाठी त्याला जपानला नेण्याचे ठरले. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी तो मुलगा घर, भाषा आणि मुलूख सोडून टोकियोस आला.

सुमो हा जपानचा प्राचीन आणि मानाचा खेळ. तेथील तालमीतील शिस्त मोठी कडक असते. नव्या पोऱ्याने पहाटे उठावे, झाडलोट करावी, थोरांची सेवा करावी, मार खावा आणि तोंडातून अवाक्षर काढू नये, अशी त्या काळची रीत होती. १९४० साली सिन-राक प्रथम सुमोच्या रिंगणात उतरला, तेव्हा त्याला नवे नाव मिळाले, रिकिदोझान. या नावातील तीन अक्षरांचा अर्थ बळ, मार्ग आणि पर्वत असा होतो. प्रारंभी सुमोच्या पत्रकांत त्याच्या नावापुढे कोरिया असे मूळ स्थान छापले जाई. पुढे तेथे जपानमधील नागासाकी हे नाव आले. मोमोता नावाच्या जपानी कुटुंबाचे नाव त्याने स्वीकारले आणि आपला जन्म नागासाकीजवळच्या ओमुरा गावी झाला, असे तो सांगू लागला.

त्याने असे का केले? युद्धानंतर जपानात सुमारे सहा लाख कोरियन लोक राहत होते. त्यांना चांगली नोकरी मिळणे कठीण होते. त्यांच्या वाट्याला अवहेलना येई. १९५२ साली त्यांचे जपानी नागरिकत्वही संपुष्टात आले. ‘तू कोरियन आहेस,’ एवढे शब्द एखाद्याचे दार बंद करण्यास पुरेसे होते.

रिकिदोझान परिश्रमाने सुमोमध्ये ‘सेकिवाके’ या तिसऱ्या श्रेणीपर्यंत चढला. परंतु १९५० साली आपल्या तालमीच्या प्रमुखाशी त्याचा बेबनाव झाला. सुमो मल्लाच्या डोक्यावरील केसांचा बुचडा हे त्याच्या मानाचे चिन्ह असते. रिकिदोझानने एके दिवशी तो बुचडा स्वतःच्या हाताने कापून टाकला आणि सुमोला कायमचा रामराम ठोकला. दहा वर्षांची तपश्चर्या एका क्षणात संपली. एका ओळखीच्या गृहस्थाच्या बांधकाम-संस्थेत तो काम करू लागला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतून काही व्यावसायिक मल्ल जपानात आले. त्यांच्याकडून नव्या प्रकारची कुस्ती शिकून ऑक्टोबर १९५१ मध्ये रिकिदोझान बॉबी ब्रन्स या मल्लाशी लढला. ती लढत केवळ दहा मिनिटांची होती. पण तेवढ्यातच त्याचा दम उखडला. सुमोची झुंज काही क्षणांत संपते, येथे मात्र दीर्घ दम लागतो, हे त्याला कळून चुकले. आपण नवशिके आहोत, हे त्याने मनाशी मान्य केले आणि १९५२ साली तो हवाई बेटांवर जाऊन ओकी शिकिना या गुरूच्या हाताखाली पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकू लागला. अमेरिकेत अनेक कुस्त्या लढून तो १९५३ साली परतला आणि त्याने जपानात व्यावसायिक कुस्तीची संघटना उभी केली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या आखाड्यातील निकाली कुस्ती आणि ही व्यावसायिक कुस्ती यांत मोठा भेद आहे. या कुस्तीत हार-जीत बहुधा आधीच ठरलेली असते. मल्लांना लागणारे बळ, कसब आणि सोसावा लागणारा मार मात्र खरा असतो. म्हणूनच एकमेकांना दिलेल्या शब्दाला येथे फार मोल असते. तो शब्द रिकिदोझानने नेहमीच पाळला असे नाही. डिसेंबर १९५४ मध्ये त्याची लढत त्याचाच पूर्वीचा जोडीदार किमुरा याच्याशी झाली. ही लढत बरोबरीत सोडवावयाची असे ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले. पण मध्येच रिकिदोझान संतापला आणि त्याने किमुराला खरेखुरे प्रहार करून लोळविले. लोकांनी विजेत्याचा जयघोष केला; पण किमुराच्या मनातील ती जखम जन्मभर भरून आली नाही. मोठ्या माणसांच्या चुकाही त्यांच्या गुणांप्रमाणेच डोळसपणे पाहाव्यात.

रिकिदोझानची कीर्ती वाढतच गेली. ऑक्टोबर १९५७ मध्ये जगज्जेता मल्ल लू थेझ याच्याशी तो पूर्ण साठ मिनिटे लढला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. त्या वेळी दूरचित्रवाणी असलेल्या घरांपैकी शेकडा ८७ घरांत ती लढत पाहिली गेली, अशी नोंद आहे. पुढच्या वर्षी त्याने थेझला अमेरिकेत हरवून आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच्या कुस्त्या पाहण्यासाठीच कित्येक कुटुंबांनी संच विकत घेतले.

एवढ्या वैभवातही त्याचे रहस्य त्याच्यापाशीच राहिले. आपले मूळ तो चारचौघांत कधी उच्चारत नसे. मायभूमीचे दोन तुकडे झाले होते. त्याचे जन्मगाव उत्तर कोरियात राहिले होते. जानेवारी १९६३ मध्ये तो दक्षिण कोरियात जाऊन आला. परंतु आपण स्वदेशी जाऊन आलो, असे काही त्याने जपानी लोकांना मोकळेपणाने सांगितले नाही.

जे तो तोंडाने बोलू शकला नाही, ते एकदा त्याच्या कृतीतून मात्र दिसले. किम इल नावाचा एक कोरियन तरुण रिकिदोझानचे नाव ऐकून चोरून जपानात आला. परवाना नसल्याने तो पकडला गेला. रिकिदोझानने त्याची हमी घेतली, त्याला सोडविले आणि आपला शिष्य करून घेतले. त्याच तालमीत शोहेई बाबा हा पूर्वीचा बेसबॉल खेळाडू आणि ब्राझील देशात मजुरी करणाऱ्या जपानी कुटुंबातला इनोकी हा मुलगाही दाखल झाला. पुढे हे तिन्ही शिष्य थोर मल्ल म्हणून गाजले.

८ डिसेंबर १९६३ च्या रात्री टोकियोतील एका करमणूक-गृहात क्षुल्लक कारणावरून बाचाबाची झाली आणि एका गुंडाने रिकिदोझानच्या पोटात सुरा खुपसला. आठवड्याने, १५ डिसेंबर रोजी, त्याचे निधन झाले. त्याचे वय होते केवळ एकोणचाळीस. टोकियोतील होनमोन्जी मंदिराच्या परिसरात त्याची समाधी असून तेथे त्याचा अर्धपुतळा उभारलेला आहे.

मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्या जन्माची हकिकत सर्वांना कळली. जपानमधील लोकांनी त्याला विसरून टाकले काय? नाही. त्याचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. कोरियातही तो आपलाच मानला जातो. पण हे प्रेम पाहण्यास तो उरला नव्हता. पराभूत लोकांना ज्याने मान ताठ करावयास शिकविले, त्याला त्याच लोकांसमोर आपल्या जन्मगावाचे नाव घेण्याची भीती वाटत राहिली.

शिंबाशीच्या त्या गर्दीने आपल्या वीराला अपार प्रेम दिले. परंतु ‘तू कोणीही अस, कोठूनही ये, तू आमचाच आहेस,’ एवढे एक आश्वासन ती त्याला देऊ शकली नाही. मुलांनो, दुसऱ्या गावाहून आलेला, निराळी बोली बोलणारा एखादा मुलगा तुमच्याही वर्गात असेल. त्याला आपले खरे नाव आणि आपले गाव मोकळ्या मनाने सांगता यावे, एवढे तर आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

१. शिंबाशी स्थानकासमोर लोक कशासाठी जमले होते? त्यांना एवढा आनंद का झाला?
२. त्या गर्दीला कोणत्या दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या?
३. दहा मिनिटांच्या लढतीनंतर रिकिदोझानला काय उमगले? त्याने पुढे काय केले?
४. किमुराशी झालेल्या लढतीतील रिकिदोझानचे वर्तन तुम्हांला योग्य वाटते काय? कारण सांगा.
५. ‘जे तो तोंडाने बोलू शकला नाही, ते एकदा त्याच्या कृतीतून मात्र दिसले.’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : नजरा खिळणे, डोक्यावर घेणे, रामराम ठोकणे, कळून चुकणे.