उन्हाचा जमाखर्च

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही मुंबईची उपनगरे. तेथे उंच इमारती आहेत. काही गच्च्यांवर आता सोलर पॅनेल बसली आहेत. ती उन्हापासून वीज करतात. 100 चौरस फूट जागेत रोज सुमारे 4 युनिट वीज होते.

पण एक अडचण होती. दुपारी वीज उरते, कारण माणसे कामाला गेलेली. रात्री वीज हवी, तर ऊन नाही. मग उरलेली वीज वाया घालवायची का?

येथे कायदा मदतीला आला. 2003 साली देशात वीज कायदा झाला. त्याच्या आधारे महाराष्ट्राच्या वीज आयोगाने 2015 साली नियम केले. उरलेली वीज कंपनीने घ्यावी. दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करावी. हा हिशेब ठेवणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात. वाण्याच्या वहीत जमा आणि नावे असते, तसेच हे. बिल कमी येते. पॅनेलचा खर्च हळूहळू भरून निघतो.

2019 साली आयोगाने नवे नियम केले. ते आपल्या गावच्या घरालाही लागू आहेत.

ऊन फुकट मिळते. हक्क मात्र वाचून समजून घ्यावा लागतो. आज आपण घरचे वीजबिल काढू. किती युनिट जळाले, ते वाचू.