शर्यतीचे चाक आणि रस्त्यावरचे चाक



गेल्या पावसाळ्यात प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्याच्या घरी १०० सीसीची साधी मोटारसायकल आहे. हौसेने त्याने मागच्या चाकाला बराच रुंद टायर बसवून घेतला होता. "सर, शर्यतीच्या गाड्यांना तर याहून रुंद टायर असतात. मग माझीच गाडी वळणावर जड का लागते? आणि पेट्रोल जास्त का खाते?"

प्रश्न चांगला होता. त्याच्या उत्तरासाठी शाळेतले भौतिकशास्त्र पुरते.

प्रथम टायरवरचे आकडे वाचायला शिकू. समजा, टायरवर ८०/१००-१८ असे लिहिले आहे. ८० ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा १००, अर्थात तीही ८० मिलिमीटर. १८ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत! म्हणून रिमचा व्यास १८ × २५.४ = ४५७ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची उंची मिळवली, की चाकाचा पूर्ण व्यास ६१७ मिलिमीटर येतो.

आता हा टायर जमिनीला किती टेकतो ते पाहू. गाडी आणि स्वार यांचे मिळून वजन १८० किलो धरा. त्यातले सुमारे १०८ किलो मागच्या चाकावर येते. पंपावर आपण '२८ पौंड हवा' भरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब. वजनाला दाबाने भागा. उत्तर येते ५४ चौरस सेंटिमीटर. ही झाली तीन काड्यापेट्यांएवढी जागा! पुढच्या चाकाखाली तर दोन-सव्वादोन काड्यापेट्याच. वेग घेणे, वळणे, ब्रेक लावून थांबणे, सारे एवढ्याशा जागेतल्या घर्षणावर चालते. स्वाराचा जीवही त्यावरच अवलंबून असतो.

या गणितात एक गंमत आहे. त्यात टायरची रुंदी कोठेच आली नाही! हवेचा दाब तोच ठेवून रुंद टायर बसवला, तर टेकणारी जागा ढोबळमानाने तेवढीच राहते. तिचा आकार मात्र बदलतो. ती आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते.

मग शर्यतीत रुंद टायर कशासाठी? मोटोजीपी या जागतिक स्पर्धेतील गाडीचे इंजिन २५० अश्वशक्तीहून अधिक जोर देते. आपल्या १०० सीसीच्या गाडीचे इंजिन जेमतेम ८ अश्वशक्तीचे. एवढा जोर पेलायला त्या गाडीचे मागचे टायर सुमारे २०० मिलिमीटर रुंद आणि अतिशय मऊ रबराचे करतात. रुंदीमुळे हवेचा दाब कमी ठेवता येतो व टेकणारी जागा वाढते. घर्षणाची उष्णता आणि झीजही जास्त रबरावर विभागली जाते. शिवाय वळणावर ही गाडी ६० अंशांहून अधिक कलते. तेव्हा टायरची कडच जमिनीला टेकते आणि तेथे भरपूर रबर लागते.

पण हे मऊ रबर तापल्याशिवाय नीट पकड घेत नाही. म्हणून शर्यतीपूर्वी टायरना विजेवर तापणारी पांघरुणे गुंडाळून ठेवतात! कोरड्या मार्गासाठीच्या या टायरवर खाचाही नसतात. पाऊस आला, तर खाचांचे वेगळे टायर घालावे लागतात. एवढे करून त्यांचे आयुष्य एका शर्यतीपुरते, सुमारे ११० ते १२० किलोमीटर. २०२३ साली ग्रेटर नोएडा येथे भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा धावलेले टायर याच जातीचे होते. आपला टायर हजारो किलोमीटर टिकला पाहिजे, थंड असतानाही त्याने पकड घेतली पाहिजे आणि खाचांतून पाणी बाजूला सारले पाहिजे.

आता चाकाचा व्यास. मोटोजीपीमध्ये २०१६ सालापासून १७ इंची रिम वापरतात. त्यापूर्वी ती १६.५ इंची होती. फिरणारे चाक आपली दिशा सहजी बदलू देत नाही. हा विरोध त्याच्या कोनीय संवेगावर अवलंबून असतो. चाकाचे बहुतेक वस्तुमान कडेला आहे असे मानले, तर कोनीय संवेग = वस्तुमान × वेग × त्रिज्या. म्हणून एका बाजूला कललेली गाडी झटकन दुसऱ्या बाजूला कलवायची, तर चाक हलके आणि बेताच्या त्रिज्येचे हवे.

मग रस्त्यावरच्या अनेक गाड्यांची रिम १८ इंची का? याचे उत्तर आपल्या बैलगाडीच्या भल्यामोठ्या चाकात आहे! ५ सेंटिमीटर उंचीचा दगड समोर आला असे समजा. ३१ सेंटिमीटर त्रिज्येचे कडक चाक त्यावर चढवायला चाकावरील भाराच्या ०.६५ पट आडवे बल लागते. स्कूटरच्या २२ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला ०.८२ पट. म्हणजे लहान चाकाला सव्वापट धक्का! शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर दगड नसतात, खड्डेही नसतात.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. रुंद टायर वजनाने जड. चाकाच्या कडेवरचे वस्तुमान पुढे तर जातेच, शिवाय फिरतेही. त्यामुळे गाडीला वेग देताना तेथला एक किलो दोन किलोंसारखा भासतो. पेट्रोल जास्त जाणारच. कोनीय संवेगही वाढला. त्यात भर म्हणजे अरुंद रिमवर बसवल्याने टायरच्या कडा आत ओढल्या गेल्या आणि त्याचा मूळ आकारच बिघडला. पकड तर वाढली नाहीच! आठ दिवसांनी त्याने जुन्या मापाचा टायर परत बसवला.

करून पाहा : सायकलच्या मागच्या टायरला एका जागी शाई लावा. ती जागा आलेख-कागदावर टेकवा, मित्राला सीटवर बसवा आणि उमटलेल्या ठशातले चौकोन मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. दुसरा ठसा मोठा येईल. का, ते आता तुम्हीच सांगा!