यंदा एकच मोठं काम काढ

अगं, तुझी यादी वाचली. मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग, बेडरूमला टेक्स्चर पेंट, बाथरूमच्या टाइल्स, बाल्कनीला स्लायडिंग, आणि सगळं दिवाळीच्या आत! हौस असावी माणसाला. पण डोंबिवलीतला 25 वर्षं जुना रीसेलचा फ्लॅट आहे तो, आणि एवढ्या लांबलचक यादीत ओल-गळतीचं नावही नाही? आधी ते बघू या, सीलिंगचं नंतर.

एक कर. वर्षाचं ठरवताना 'घर छान करायचं' असं लिहू नकोस. त्याला अंत नसतो, आणि खर्चालाही. 'येत्या 15 ऑगस्टला बेडरूमची पश्चिमेकडची भिंत कोरडी हवी' असं लिही. जमलं की नाही ते भिंतीला हात लावला की कळतं, नवऱ्याशी वाद घालावा लागत नाही. असं मोठं काम वर्षाला एकच. सोबत नळ, कड्या, बिजागऱ्या अशी किरकोळ कामं चालतील.

आणि वर्ष पाडव्यापासून धर, जानेवारीपासून नको. मुंबई परिसरात पाऊस सुरू होण्याची सरासरी तारीख 11 जून. म्हणजे पाडव्यानंतर दोन-अडीच महिने मिळतात. बाहेरच्या भेगा, खिडकीवरचे छज्जे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग ही कामं तेव्हाच होतात, कारण भिंत आतून सुकलेली असते. जूनमध्ये गवंडी शोधायला निघालीस तर तो भेटणार नाही, आणि भेटला तरी सिमेंट वाळणार नाही.

पावसाळ्यात मग काय करायचं? नुसतं बघायचं. हे कोणी सांगत नाही, पण खरी माहिती तेव्हाच मिळते. ओलीचा डाग दिसला की तारीख घालून फोटो काढ. डाग फक्त पावसात वाढत असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय. मे महिन्यातही तो ओलाच असेल तर वरच्यांच्या बाथरूमवर किंवा भिंतीत दडलेल्या पाइपवर संशय घे. शंका असेल तर डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि दोन दिवस ठेव. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल आतली, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली. एवढं हाती असलं की कंत्राटदार तुला गुंडाळू शकत नाही.

आता दिवाळीच्या रंगाचं. रागावू नकोस, पण मला तो हट्टच वाटतो. आपल्याकडून पाऊस परततो तो 8 ऑक्टोबरच्या सुमारास, आणि चार महिने भिजलेली भिंत दिवाळीपर्यंत आतून सुकत नाही. वर पुट्टी, प्रायमर, महागडा रंग चढवलास तरी पुढच्या वर्षी पोपडे सुटणारच. शिवाय त्या दिवसांत पेंटर मागेल तो भाव द्यावा लागतो. रंग जानेवारी-फेब्रुवारीत काढ. दिवाळीला जळमटं काढ, पडदे धू, दारात रांगोळी घाल, पुष्कळ झालं.

रंगाच्या आधी वायरिंग, हेही लक्षात ठेव. नाहीतर नव्या भिंतीला पुन्हा खाचा पडतात. वायरमन आलाच आहे तर अर्थिंग तपासून घे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. तो दिसत नाही, पाहुण्यांना कौतुक नाही, पण गीझरचा शॉक बसण्याची वेळ आली तर तोच वीज तोडतो.

बाथरूम काढशील तेव्हा नव्या टाइल्स बसण्याआधी नहाणी ट्रॅप बंद करून 24 तास पाणी साठवून ठेव, आणि खालच्या काकूंच्या घरी जाऊन त्यांचं छत बघून ये. मिस्त्री म्हणेल, "ताई, गरज नाही." त्याला तू म्हण, गरज आहे. पैसेही कामाच्या टप्प्याने दे, शेवटचा हप्ता ही चाचणी होईपर्यंत हातात ठेव. फोडाफोड झाल्यावर आतून काय निघेल सांगता येत नाही, म्हणून बजेटच्या दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी काढ, आणि ती सोफ्यावर खर्च करू नकोस!

राहिली सोसायटी. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, 30 च्या पुढे दर 3 वर्षांनी. तुमचं झालंय का? सोसायटी पुढच्या वर्षी बाहेरून प्लास्टर आणि रंग काढणार असेल, तर त्या भिंतीवर तू आज पदरचे पैसे का घालायचे? येत्या रविवारी वेळ काढ, सेक्रेटरींना गाठ, अहवाल बघायला माग आणि तुझ्या आतल्या कामांना लेखी परवानगी लागते का तेही विचार. तोवर किचनवाल्याला अॅडव्हान्स देऊ नकोस.